न उतरलेली मेंदी

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की मी लोकांच्या हातांकडे पाहायला लागते. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावं ही साधी रीत, पण आषाढ-श्रावणात ती माझ्याकडून पाळली जात नाही. चहाचा कप धरणारी बोटं, पऱ्ह्याच्या रोपांची पेंडी सोडणारी बोटं, अंगणवाडीत लेकराला सोडायला आलेल्या आईची बोटं. नखाच्या कडेला काही काळं दिसलं की मी तो हात धरते आणि दारातल्या उजेडात नेते. बहुतेक वेळा चिखलच निघतो. बाया हसतात आणि आपसात म्हणतात की मॅडमला रोवणीत काहीतरी लागतं.

मी मुळातच संशयी आहे. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवते, आणि या नोकरीत भोळं राहून भागत नाही. वजनकाट्यावर लेकरू ठेवण्याआधी मी त्याचे खिसे चाचपते, कारण एकदा एका आजीनं नातवाचं वजन भरावं म्हणून त्याच्या चड्डीत छपराच्या कवेलूचा तुकडा ठेवला होता. दूध मी बोटावर घेऊन पाहते. कोणी फार गोड बोललं तर घरी येईपर्यंत विचार करते की याला काय हवं असेल. नवरा म्हणतो, तू पोलिसात पाहिजे होती. मला ते कौतुक वाटायचं. सात वर्षांपूर्वीच्या त्या रोवणीपर्यंत वाटायचं.

आता पुन्हा तेच दिवस आले आहेत. तलाव काठोकाठ भरलाय, बांधीत, भाताच्या खाचरात, पाय टाकला की पोटरीपर्यंत कोमट चिखल चढतो. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या मुळ्यांचा ओला, किंचित कुजका वास हाताला लागतो तो जेवतानाही जात नाही. डोक्यावर प्लास्टिकची पन्नी बांधून बाया ओळीनं वाकतात आणि मागे मागे सरकत जातात. समोर हिरवं वाढत राहतं, मागचा चिखल मात्र दिसत नाही. आज आमच्या बांधीत, उद्या त्यांच्या, परवा तिसरीच्या, असं आमच्याकडे अजून चालतं. म्हणून ओळीत एक बाई कमी असली की सगळ्यांच्या लक्षात येतं. तिची पात शेजारणीला ओढावी लागते, आणि शेजारीण ती तोंड बंद ठेवून ओढत नाही.

त्या वर्षी ओळीत कमी असायची ती शेवंताबाई, माझी थोरली जाऊ. मी तिला नुसतं बाई म्हणते, तोंडावर ‘तुमी’ म्हणते. लिहिताना मात्र ‘ती’ येतं, कारण आता तिच्याबद्दल लांबून बोलणं जमत नाही. सासूबाई गेल्यानंतर घरात आम्ही दोघीच बाया. तिला सांध्यांचं दुखणं तेव्हाच आठ-नऊ वर्षांचं. हाताची बोटं सुजायची, मनगटं सुजायची, गुडघे भरायचे. घरात सगळे त्याला वात म्हणायचे, आणि वात म्हटला की कोणी फार विचारत नाही.

विचार मी करायचे. माझा हिशेब असा होता. बाई सकाळी उठत नाही. कुशीवर वळायलासुद्धा तिला भिंत धरावी लागते. दात घासायची काडी बोटांत राहत नाही, वेणी घालता येत नाही. पण दहा वाजले की तीच बाई अंगणात येते, अकराला सूप घेऊन तांदूळ पाखडते, आणि दुपारनंतर पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन येताना मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. खरं दुखणं असं घड्याळ पाहून येतं का? ताप असला तर तो दुपारीही असतो. हाड मोडलं तर ते अकरा वाजता जुळत नाही. बाया बांधीवर निघून जायच्या वेळेला जे दुखतं आणि त्या लांब गेल्या की थांबतं, त्याला माझ्याकडे एकच शब्द होता, सोंग.

मी तिची परीक्षा घ्यायचे, हे सांगायला आज लाज वाटते. लोणच्याच्या बरणीचं झाकण मुद्दाम घट्ट लावून सकाळी तिला उघडायला सांगायचे. ती दोन्ही तळहातांत बरणी धरून बसायची आणि मग माझ्याकडे न पाहता खाली ठेवायची. तीच बरणी दुपारी तिनं उघडली की मी मनात खूण करायचे. तिच्या चोळीची बटणं कोण लावतं, हेही मी पाहिलेलं. भासरे लावायचे, म्हणजे तिचे यजमान. दार लोटून घेऊन ते तिची बटणं लावायचे आणि मला ते लाडाचं वाटायचं.

त्यात ती पुडी. वडस्याच्या बाजारात एक माणूस पांढऱ्या पावडरीच्या पुड्या विकायचा, जंगलातल्या मुळ्यांची आहे म्हणायचा. बाई ती घ्यायची. घेतली की दोन तासांत उठून चालायची, भूकही लागायची, आणि तोंड गोल, गुबगुबीत झालेलं. बाया म्हणायच्या, आजारी माणसाच्या अंगावर अशी चरबी येते का? मी मान हलवायचे. पुडीत काय असेल असा संशय एरवी दुधावर बोट बुडवून पाहणाऱ्या मला यायला हवा होता. तो आला नाही, कारण माझा सगळा संशय तेव्हा बाईवर खर्च होत होता.

रोवणीच्या आधी आमच्याकडे बाया हातापायांना मेंदी लावतात. हौसेनं नक्षी काढायची ती नव्हे. बोटांच्या बेचक्यांत, नखांवर, तळपायांना जाड लेप थापायचा, म्हणजे दिवसदिवस चिखलात उभं राहून चिखल्या होत नाहीत. चिखल्या म्हणजे बोटांच्या मधली कातडी पांढरी होऊन फाटते, खाजते, मग जखमा होतात. रोवणारीच्या पायाला जखम असणं ही आमच्याकडे बातमी नाही. त्या वर्षी मेंदी मी वाटली. पाट्यावर पाला, थोडा कात, चहाचं पाणी. संध्याकाळी ओसरीत बाईचे पाय माझ्या मांडीवर घेतले.

डाव्या नडगीवर तिला एक जखम होती. हळद लावलेली, गोल, कडा उभ्या कापल्यासारख्या. मी विचारलं, तर म्हणाली की लाकूड लागलं असेल, आठवत नाही. जखमेशेजारी बोटं दाबली तर तिनं पाय मागे ओढला. मला वाटलं, हे पण सोंगच. मग नखांकडे गेले. हाताच्या दोन-तीन नखांच्या कडेला बारीक काळे ठिपके होते, राईच्या दाण्याएवढे. मी अंगठ्यानं घासून पाहिले. निघाले नाहीत. मी पाहिले होते, हे इथं लिहून ठेवते. काताचे डाग असतील असं मनाशी म्हटलं आणि वरून मेंदी थापली. आणि थापता थापता जे बोलायचं साचलं होतं तेही बोलून घेतलं.

“बाई, तुमचं दुखनं रोवणीतच काऊन उठते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती बांधीवर उभी होती.

ती दहा दिवस रोवायला आली. कशी आली, ते आता कळतं. तेव्हा माझी मान ताठ झाली होती, की पाहा, एक टोमणा मारला आणि दुखणं पळालं. चौथ्या दिवशी परत येताना तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. चिखलात राहिली असणार. घरापर्यंत ती एका पायानं अनवाणी आली आणि तिला पत्ता नव्हता. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, तोही मीच दाखवला. आम्ही सगळ्या खदखदून हसलो. नंतर तिचा तो पाय जरा ओढल्यासारखा पडायला लागला, चालताना पुढची बोटं जमिनीला घासायची. मी म्हटलं, बाई, हिवाळ्यात वडस्याच्या नाटक कंपनीत नाव द्या, लंगडीचं काम तुम्हालाच देतील. बायांना हे इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस त्या तिला कंपनीवाली म्हणून हाका मारत होत्या. ती पण हसायची. त्या हसण्याची आठवण आली की मला अजून पाणी प्यावं लागतं.

मेंदी चिखलात फार टिकत नाही. पंधरवड्यात तळव्यांवरची फिकी होते, मग नारिंगी, मग नुसत्या नखांवर उरते. सगळ्यांची उतरली. बाईच्या डाव्या पायाच्या दोन बोटांची उतरली नाही. अंगठ्याशेजारचं बोट आणि त्याच्या शेजारचं. ती दोन्ही दिवसागणिक काळी होत गेली. आधी गडद तपकिरी, मग जांभळी, मग कोळशासारखी, आणि हात लावला तर गार.

एवढं झाल्यावर घराची मान वळली, आणि ती माझ्याकडे वळली.

मेंदी कोणी वाटली होती, असं भासऱ्यांनी जेवताना विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. नवरा ताटाकडे पाहत राहिला. पाणवठ्यावर मी गेले की बाया बोलायच्या थांबायला लागल्या. ज्यांच्या लेकरांचे खिसे मी चाचपले होते, त्या आता माझ्याकडे त्याच नजरेनं पाहत होत्या. संशय घेणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. संशय अंगावर येणं कसं असतं ते तेव्हा कळलं. मी पाट्यावरचा उरलेला पाला दाखवला, माझे हात दाखवले. बाई खाटेवरून माझ्याकडे एकटक पाहत होती.

“मेंदीत काय मिसळलं होतं व, कुंदे?”

मी म्हटलं, तीच तर मीही लावली.

“नाई. तू आपल्याले दुसऱ्या वाटीतली लावली. मी पायलं.”

ते खरं होतं. पहिली वाटी तिच्या पायांना संपली म्हणून मी दुसरी घेतली होती. मी तिच्यावर पाळत ठेवत होते त्या सगळ्या दिवसांत तीही माझ्यावर ठेवत होती, आणि आम्ही दोघी एकाच चुलीवरचं खात होतो.

भासऱ्यांनी ठरवलं की नदीपलीकडच्या पुजाऱ्याला बोलवायचं. तो पाहून सांगतो, करणी कोणी केली. आमच्या भागात असं एखाद्या बाईचं नाव निघालं की पुढं काय होतं, ते मी इथं लिहीत नाही. नदीला पूर होता म्हणून पुजाऱ्याला यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत मी नवऱ्याच्या मागे लागून जीप आणवली आणि बाईला गडचिरोलीला नेलं. तिथून त्यांनी लगेच नागपूरला पाठवलं. गावात पुढं सगळे म्हणाले, कुंदानं जावेसाठी किती केलं. मी तिच्यासाठी केलं नव्हतं. मला माझं नाव वाचवायचं होतं. कोणीतरी शिकलेल्या माणसानं कागदावर लिहून द्यावं की मेंदीत काही नव्हतं, एवढ्यासाठी मी तिला उचलून नेलं. तिचा जीव त्यामुळं वाचला हे नंतरचं.

वॉर्डात तिच्याजवळ राहायला मीच होते, कारण रोवणी अर्धी पडली होती आणि पुरुषांना चिखलणी होती. पहिले दोन दिवस बाई माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगून मागवायची. मी चहा आणला की कपात पाहायची, मग माझ्याकडे, मग कप तसाच ठेवायची. मला राग यायचा आणि त्याच वेळी तो राग गिळायला लागायचा, कारण मी तिच्या जागी असते तर मीही प्यायले नसते.

तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. बारीक अंगाच्या, कोल्हापूरकडच्या बोलण्याच्या, अजिबात घाई नसलेल्या. त्यांनी काळ्या बोटांकडे नंतर पाहिलं. आधी बाईचे हात हातात घेतले, एकेक पेर दाबलं, वाकडी झालेली बोटं पाहिली. टाचणीनं तळवा टोचला. बाईला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर अंग किती वेळ आखडलेलं असतं?

बाईनं आधी माझ्याकडे पाहिलं. खरं बोललं तर इथंही हसतील, असं तिला वाटलं असणार. मग हळू म्हणाली, दहा वाजेपर्यंत, मग सुटते. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. एवढंच. आठ वर्षं जी गोष्ट मी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून जपली होती, ती त्यांनी आजाराची खूण म्हणून दोन ओळींत लिहून टाकली.

मग त्यांनी समजावलं. हा साधा वात नाही, संधिवाताचा एक जबर प्रकार आहे. शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी जी फौज असते, तिला आपलीच माणसं परकी वाटायला लागतात आणि ती सांध्यांवर तुटून पडते. वर्षानुवर्षं नीट औषध झालं नाही तर कधी कधी ती रक्ताच्या नळ्यांवरही जाते. नळ्या सुजतात, आतून बंद होतात, पुढं रक्त पोचत नाही. पायाच्या मज्जातंतूला रक्त मिळालं नाही म्हणून पाय बधिर झाला आणि लुळा पडला. नडगीची जखम त्याचीच, काळी बोटं त्याचीच. पुडीत बहुतेक स्टेरॉइड असणार, त्यानं दुखणं दबलं, आजार नाही. मला ते ऐकताना दुसरंच दिसत होतं. आमची ओसरी, आमची चूल, आणि आपल्याच माणसाला परकं समजून बसलेल्या आम्ही दोघी.

“नखांजवळ बारीक काळे ठिपके आधी दिसले असतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कधीपासून होते?”

बाई म्हणाली, हातावर मेंदी होती, दिसले नाही.

इथं मी गप्प बसू शकले असते. मेंदीत दोष नाही हे डॉक्टरच सांगत होत्या, माझा कागद मला मिळाल्यासारखाच होता. बाईला काही माहीत नव्हतं. पण तिचा तो गार पाय चादरीबाहेर होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“मी पायले होते. मेंदी लावाच्या आधी.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही लिहून घेतलं. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या, नर्स सलाइन बदलून गेली. मग बाईनं स्टुलावरचा माझ्या हातचा ग्लास घेतला आणि पाणी प्यायली. माफ केलं म्हणून प्यायली की तहान लागली म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझा अंदाज तहानेकडे झुकतो. तिला एवढं मात्र कळलं असेल, की जी बाई असं सांगते ती विष घालणारी नव्हे.

ती दोन्ही बोटं काढावी लागली. सलाइनमधून एक कडक औषध महिन्याच्या महिन्याला दिलं, त्यानं केस गळले, तोंड आलं. आम्ही वडस्याहून नागपूरला इतक्या वेळा गेलो की गाडीतला चणेवाला बाईला ओळखायला लागला. जखमा भरायला पुढची दिवाळी उलटली. पावलाला आधार देणारा पट्टा मिळाला, तो बांधून ती आता बऱ्यापैकी चालते. औषध कायमचं, रक्ततपासणी कायमची. पुजारी आमच्याकडे आलाच नाही. भासऱ्यांनी माझ्याशी त्या गोष्टीवर एक शब्द काढला नाही, पण त्या वर्षीपासून ते सकाळी दार न लोटता बाईची बटणं लावतात.

माझा संशय कमी झाला असं कोणाला वाटेल, पण तो कुठं गेला नाही, फक्त त्यानं जागा बदलली. आता मी बाईच्या खोकल्यावर संशय घेते, कारण ते औषध अंगातली ताकद कमी करतं. तिनं भाकरी अर्धी ठेवली की संशय घेते. बरं आहे म्हणाली की सगळ्यात जास्त घेते. रोवणीत तर फारच. पूर्वी ती दुखतं म्हणायची आणि मी मानायचे नाही, आता ती दुखत नाही म्हणते आणि मी मानत नाही. कुठल्याही काळात तिचं खरं मला एका बोलण्यात पटलं नाही, याची खंत मला आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या बांधीची पाळी होती. बाई आता रोवत नाही, पण न्याहारी घेऊन येते आणि शेताच्या धुऱ्यावर बसून कोणाची पात वाकडी चालली ते ओरडून सांगते. त्या दिवशी सकाळी मी टोपली भरली आणि हाक मारली, तर ती खाटेवरच होती.

“मी आज येत नाई.”

मी विचारलं, काय दुखतं?

“काईच नाई. सोंग करून राह्यलो आज. आठ वर्सं केलं म्हनत होती ना तू, मंग एक दिवस खरंच करू दे.”

मला हसू फुटलं. भासरेही हसले. मी टोपली डोक्यावर घेतली आणि निघाले. पाऊस थांबलेला होता, बाया पुढं गेल्या होत्या, कोणीतरी गाणं धरलं होतं. तलावाच्या पाळीपर्यंत गेले आणि माझा पाय अडला. मी जावं, रोवणी अडू नये, म्हणून तर ती असं बोलली नसेल? आजवर आपल्याला तिचं दुखणं खोटं वाटलं, आज तिचं सोंग खोटं असलं तर? टोपली एका बाईच्या हातात दिली आणि मी जवळजवळ पळत घरी आले.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, हात दाखवा.

“खरंच सोंग हाये व, कुंदे. जाय तू.”

“माझा विश्वास नाई,” मी म्हटलं.

चादरीतून तिचा हात ओढला आणि दारातल्या उजेडात धरला. दहाही नखं पाहिली. कडा स्वच्छ होत्या, गुलाबी होत्या, कपाळही गार होतं. खरोखरच काही झालं नव्हतं. तिला फक्त झोपायचं होतं. मी तो हात सोडला नाही. ती माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही, कंटाळूनही नाही.

“झालं समाधान? आता पाय बी पाहून घे.”

तिनं पाय चादरीबाहेर काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. मी खाली बसले आणि उरलेली आठही बोटं एकेक करून पाहिली.